देव झालेला क्लॉडियस की देव झालेला कॉन्स्टंटाइन, पहिलं नाणं कुठलं घ्यावं?

मेलेल्या सम्राटाला रोमन लोक देव ठरवायचे आणि मग त्याच्या नावाने नाणी पाडायचे. असं एखादं नाणं घ्यायचंय पण खिसा हलका आहे, तर फिरून फिरून दोनच नावं समोर येतात: 270 मध्ये साथीत गेलेला क्लॉडियस गॉथिकस आणि 337 मध्ये गेलेला कॉन्स्टंटाइन. त्यांच्या आधीच्या अँटोनायनस पायस या सम्राटाचं ते सेस्टर्शियस (मोठं पितळी नाणं), त्यावर मजल्यामजल्याची चिता आणि वर चार घोड्यांचा रथ, ते भारीच आहे, पण चांगल्या कंडिशनमध्ये हवं असेल तर बजेट विसरा, आणि स्वस्तात मिळत असेल तर कोणी नंतर कोरून उठाव आणलेला नाही ना ते आधी बघा.

क्लॉडियसचं नाणं म्हणजे नावापुरती चांदी, बाकी ब्राँझच. पुढे किरणांचा मुकुट, मागे पेटलेली वेदी नाहीतर गरुड. ढिगाने मिळतं. पण गॉल आणि ब्रिटनमध्ये त्याच सुमाराला लोकांनी याच्या बेसुमार नकला पाडल्या, त्यामुळे फोटो बघून भुलायचं नाही, वजन विचारायचं: अस्सल साधारण अडीच-तीन ग्रॅमच्या आसपास, नक्कल बऱ्याचदा त्याच्या निम्मीसुद्धा नसते आणि अक्षरं गिचमिड. (काहींना या नकलाच जास्त आवडतात, ते वेगळं वेड.)

कॉन्स्टंटाइनचं त्याहून बारकं, जेमतेम 15 मिलिमीटर, दीड ग्रॅम. पण काय भरलंय त्यात! पुढे डोक्यावरून पदर घेतल्यासारखा झाकलेला चेहरा, मागे रथातून वर निघालेला सम्राट आणि त्याला घ्यायला आभाळातून खाली आलेला देवाचा हात. मरताना बाप्तिस्मा घेतलेला माणूस, तरी नाण्यावरच्या अक्षरांत 'देव' हे जुनंच बिरुद, दोन्ही धर्म एकाच नाण्यावर. खाली टाकसाळीची खूणही असते, एसएमएएन (SMAN) दिसलं की अँटिओक शहराची टाकसाळ.

आणि हो, कॉन्स्टंटाइन स्वतःला क्लॉडियसचा वंशज म्हणवायचा, 317-18 च्या सुमाराला त्याने क्लॉडियसच्या नावाने वेगळी छोटी नाणी पाडली, त्यात डोकं झाकलेलं असतं, किरणं नसतात, विकणारा कधीकधी गल्लत करतो.

मी तरी कॉन्स्टंटाइनच घेईन, पण तो वरचा हात स्पष्ट दिसत असेल तरच, कारण पुष्कळ नाण्यांवर नेमका तोच कडेबाहेर गेलेला असतो. वेदीवाला क्लॉडियस घासलेला असला तरी ओळखू येतो, रथवाला घासला की नुसता डाग. आणि फिकट हिरवी भुकटी (ब्राँझला खाणारा गंज) सुटलेली दिसली तर कुठलंही असो, हात लावू नका.