चिघळलेली जखम: स्टॅफिलोकोकस की स्यूडोमोनास?

मधुमेहींच्या पायाची जखम चिघळली की संशय बऱ्याचदा या दोन जिवाणूंवर जातो. स्टॅफिलोकोकस ऑरियस बहुधा वरच्या थरात राहतो. पू घट्ट, पिवळसर. त्याचं विष पेशींना भोकं पाडतं, त्यामुळे कडेने नवी कातडी धरत नाही.

स्यूडोमोनास एरुजिनोसा मात्र पट्टी सोडतानाच ओळखू येतो: कापसावर निळसर-हिरवा डाग, वर गोडसर वास. १८८२ मध्ये फ्रान्सच्या कार्ल जेसार यांनी अशाच डागाळलेल्या पट्ट्यांतून तो वेगळा काढला. हा खोलवर शिरतो. त्याचं इलॅस्टेज हे विकर भरत आलेलं मांस कुरतडतं आणि लढायला आलेल्या पांढऱ्या पेशीही त्याच्या स्रावाने मरतात. जखम आठवडेच्या आठवडे लालसर, ओली राहते.

मला धास्ती याचीच जास्त. नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स त्याच्यावर चालतच नाहीत. अर्थात, स्टॅफिलोकोकसचा एमआरएसए हा मेथिसिलिनसारख्या औषधांना न जुमानणारा प्रकारही डॉक्टरांना घाम फोडतो.

दोघेही बायोफिल्मचा चिकट थर करून बसतात. तिथे नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, मेलेलं मांस खरवडून काढावं लागतं. त्याच वेळी आतल्या मांसाचा तुकडा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवायला सांगा. वरवर फिरवलेल्या बोळ्यापेक्षा तो रिपोर्ट जास्त भरवशाचा.