रोसुवास्टॅटिन: गोळी एक, घेणारे तिघं, गुण वेगवेगळे

रोसुवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी, 'स्टॅटिन' गटातली गोळी. आमच्या घरात डबे मी भरते, गोळ्यांचेसुद्धा. म्हणून हा अभिप्राय.

ह्यांना पाचपैकी पाच. वय ५६, स्टेंट बसवलेली. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४० होतं, २० मिलिग्रॅमवर ६४ झालं. रिपोर्ट हातात पडताच ह्यांचा प्रश्न, "नॉर्मल आलं, आता बंद करू?" अहो, नॉर्मल आलं ते गोळीमुळेच! ही गोळी लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनणं रोखते, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. सोडली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर. आणि २० ची ४० केली तरी एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्के उतरतं, म्हणून डॉक्टरांनी डोस न वाढवता एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलचीच दुसरी गोळी जोडली. साखर थोडी वाढते, हे खरं आहे. ह्यांची आधीच काठावर होती, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.२ वरून ६.४ झालं. हार्ट अटॅकच्या मानाने हे परवडलं.

सासूबाईंना अडीच. वय ८२, हृदयाचं काही नाही, डोस ५ चा. "पोटऱ्यांत गोळे येतात गं," रोजचं गाऱ्हाणं. डॉक्टरांनी महिनाभर गोळी थांबवली, गोळे तसेच! इंग्लंडमधल्या एका अभ्यासात स्टॅटिनने जेवढा त्रास झाला, त्याच्या जवळपास ९० टक्के त्रास नुसत्या नकली गोळीनेही झाला होता, ते उगाच नाही. तरीही पंचाहत्तरीनंतर, हृदयविकार नसताना, ही नव्याने सुरू करून किती फायदा होतो याचा पक्का पुरावा अजून नाही. निर्णय डॉक्टरांनी त्यांच्यावर सोडला. "आधीच मूठभर गोळ्या आहेत," म्हणाल्या आणि बंद केली. मला पटलं.

भाचीला साडेचार. वय २८, अंगाने सडपातळ, एलडीएल २३८. वडिलांना एक्केचाळिसाव्या वर्षी अटॅक आलेला. हे आनुवंशिक. अशा घरांत आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही स्टॅटिन देतात, कारण रक्ताच्या नळ्या लहानपणापासूनच कोलेस्टेरॉलने भरत असतात. तिचं नुकतंच लग्न झालंय. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून ही थांबवायची असते, हे मात्र मेडिकलवाल्याने पट्टी देताना सांगितलं नाही. मी सांगितलं.

अर्धा गुण कंपनीचा कापला: १० आणि २० ची पट्टी एकाच रंगाची, आणि एक्सपायरी नेमकी त्या कोपऱ्यावर, जिथून पहिली गोळी फाडायची.