फुल बॉडी चेकअप पॅकेज: सुई झकास, रिपोर्ट मात्र देव जाणे

आईबाबांसाठी या लॅबचं 80+ टेस्टवालं पॅकेज मागवलं होतं, डोंबिवलीला. घरी येऊन सॅम्पल नेतात तो भाग खरंच चांगलाय. सकाळी 7 चा स्लॉट आणि रक्त घेणारी मुलगी त्याआधीच दारात, आईची शीर पटकन सापडत नाही हा जुना वैताग, पण हिने पहिल्या टोचण्यातच काम केलं, सुईचं पाकीट समोर फोडलं, ट्यूबवरचं नाव आईकडून वाचून घेतलं. उपाशीपोटी म्हणजे साधं पाणी चालतं हेही तिनेच सांगितलं, बाबा रात्रीपासून घोटभर पाणी न पिता बसलेले!! या सर्व्हिसला पैकीच्या पैकी.

आता ते 80+ कसं होतं ते बघा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) म्हणजे एक ट्यूब, एक मशीन, पण हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे त्यातले वीसेक आकडे वीस टेस्ट म्हणून धरलेत. लघवीचा रंग ही एक टेस्ट, गढूळ आहे का ती दुसरी. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) तर मोजलेलंच नाही, बारीक अक्षरात 'कॅल्क्युलेटेड' लिहिलंय, म्हणजे टोटल कोलेस्टेरॉलमधून अख्खं एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातली चरबी) पाचवा हिस्सा वजा (ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे गणित कामाचं नाही), आणि मग एलडीएल भागिले एचडीएल ही परत वेगळी टेस्ट. एचबीएवनसीच्या (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची टेस्ट) खाली जी सरासरी शुगर येते तीही त्याच आकड्यावरून सूत्राने काढलेली. कोथिंबिरीच्या जुडीतल्या काड्या मोजून बिल लावल्यासारखं झालं हे.

बरं, एवढं छापलं तर निदान समजेल असं तरी लिहा ना. आईचा टीएसएच 6.1, लाल आणि ठळक, म्हणजे रेंजबाहेर, ती दिवसभर धास्तावलेली. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच मुळी, मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते तिने थायरॉइडला दिलेली ऑर्डर आहे ती, थायरॉइड सुस्त पडलं की ऑर्डर वाढते, म्हणून हा आकडा वाढला म्हणजे थायरॉइड कमी चालतंय, उलटा हिशोब. आईचं टी4 (खुद्द थायरॉइडचं हार्मोन) नॉर्मल होतं, अशा केसला सबक्लिनिकल (सौम्य, सुरुवातीचं) म्हणतात, आमचे डॉक्टर गोळी न देता दोन-तीन महिन्यांनी परत तपासू म्हणाले. चार ओळींचं काम होतं.

बाबांचं याहून वाईट. वय 72, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) 1.3, काळ्या अक्षरात, रेंजमध्ये, सगळे खूश. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, म्हातारपणी स्नायू कमी होतात, त्यामुळे नुसता आकडा बघून किडनी किती काम करतेय ते कळत नाही, म्हणून वय आणि स्त्री-पुरुष धरून ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) काढतात, तो बाबांचा 58 होता आणि तीन पानं सोडून कुठेतरी कोपऱ्यात. 60 च्या खाली एकदा आला म्हणजे लगेच किडनीचा आजार असं नाही, निदान तीन महिने तसाच राहिला पाहिजे, पण डॉक्टरांना दाखवायलाच हवा ना. त्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत उतरणारं प्रोटीन) करायला सांगितलं. आणि गंमत म्हणजे नेमकी तीच टेस्ट या 80+ मध्ये नाही!! रंग आहे, गढूळपणा आहे, ती नाही.

लाल आकड्यांचंही सांगते, बहुतेक रेंज अशा ठरवलेल्या असतात की 100 निरोगी माणसांतली 95 आत बसतील, म्हणजे 5 ठणठणीत माणसंही बाहेरच. एकमेकांशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट केल्या तर काहीही झालेलं नसताना एखादा आकडा लाल यायची शक्यता 60 टक्क्यांच्या वर जाते. इथे तर 80.

'फ्री डॉक्टर कन्सल्टेशन' म्हणून फोन आला त्या बाईंनी फक्त लाल आकडे वाचून दाखवले, ईजीएफआर विचारलं तर "तो तुमच्या फिजिशियनना दाखवा", आणि पुढे ट्यूमर मार्कर (कॅन्सरसाठीच्या रक्ततपासण्या) असलेलं मोठं पॅकेज घ्या म्हणून मागे लागल्या. त्यातलं सीए-125 (अंडाशयाच्या कॅन्सरसाठीचं) पाळीच्या दिवसांत किंवा एन्डोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) वाढतं, लक्षण काही नसताना ते करून नुसती झोप जाते. मी नको म्हटलं.

त्यामुळे पॅकेज घेऊ नका, आपल्या डॉक्टरांकडून यादी लिहून आणा आणि तेवढंच बुक करा, सुट्या टेस्टलाही हे लोक घरी येतात, अ‍ॅपमध्ये खूप खाली लपवलंय ते. तीच मुलगी आली तर उत्तम. आणि हो, एकदा नंबर दिला की व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ऑफर येतात, त्या बंद कशा करायच्या कुणाला माहीत असेल तर सांगा.