ग्रेड 5 च्या भावात ग्रेड 2 टायटॅनियम : माझे 1,82,938 रुपये असे गेले

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी आणि एक जुना लेथ. एका पंपवाल्याकडून 24 शाफ्टचं काम मिळालं, मटेरियल टायटॅनियम ग्रेड 5. म्हणजे 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियम. बाजारात 4,200 रुपये किलो भाव सांगत होते. मुंबईचा एक व्यापारी 3,650 ला द्यायला तयार झाला. 40 मिमीचे, मीटरभर लांबीचे सहा राउंड बार, वजन 34 किलो. 1,24,100 अधिक जीएसटी 22,338, एकूण 1,46,438. अर्धे आधी, अर्धे माल निघताना, दोन्ही वेळा एनईएफटी. जीएसटी नंबर पोर्टलवर तपासला होता, चालू होता. टीसी, म्हणजे मालाच्या तपासणीचा दाखला, तोही मागून घेतला होता. आंधळेपणाने पैसे टाकलेले नाहीत.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. माल ग्रेड 2 निघाला, शुद्ध टायटॅनियम. ग्रेड 5 ची यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण, किमान 828 एमपीए लागते, ग्रेड 2 ची 275. तिसरा हिस्सा! तो शाफ्ट पंपात बसला असता तर लोडवर पिळला असता.

"बघून कळलं नाही का?" असं मला चौघांनी विचारलं. नाही कळत. रंग तोच, चुंबक दोन्हीला चिकटत नाही, ग्राइंडरला लावलं तर दोन्हींच्या ठिणग्या पांढऱ्याशुभ्र. घनता 4.43 आणि 4.51, हातात घेऊन हा फरक कोणाला कळतो? पण काट्यावर कळला असता. या मापाचे सहा बार ग्रेड 5 चे असते तर 33.4 किलो भरायला हवे होते. सहाशे ग्रॅम जास्त भरले, आणि मी म्हटलं बार जरा जाड आले असतील.

आणि तो टीसी. अ‍ॅल्युमिनियम 6.1, व्हॅनेडियम 4.0, टेन्साइल (ताणून तुटण्याची ताकद) 930. एवढं वाचून मी फाइल बंद केली. त्याच कागदावर, तीन ओळी खाली, ऑक्सिजन 0.22 टक्के लिहिला होता. ग्रेड 5 ला 0.20 च्या वर चालत नाही. 0.25 पर्यंतची सूट ग्रेड 2 ला असते. कोणीतरी ग्रेड 2 चा खरा टीसी घेऊन वरच्या ओळी बदलल्या आणि ऑक्सिजन तसाच सोडला. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. अजून रात्री आठवते. टीसीची प्रत्येक ओळ स्टँडर्डशेजारी ठेवून वाचा, फक्त नावाच्या दोन धातूंची नाही.

लेथवरचे मामा पहिल्याच दिवशी चिप, म्हणजे कापताना निघणारा धातूचा किस, बघून म्हणाले, "दादा, चिप बघा, दोरीसारखी लांब निघतेय. ग्रेड 5 ची चिप करवतीच्या दात्यांसारखी येते." मी म्हटलं, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) वाढवा. डिलिव्हरीला चार दिवस होते, दुसरं काय करणार होतो? ज्याचा हात तीस वर्षं धातूवर आहे त्याचं ऐका, मशीन थांबवा.

सोळा शाफ्ट गेले आणि परत आले. कस्टमरकडे हार्डनेस (कठीणपणा) रॉकवेल सी स्केलवर बसेचना, इतका माल मऊ. ग्रेड 5 साधारण 33 ते 36 दाखवतो. पीएमआय गन (धातूत काय काय आहे ते दाखवणारं हातातलं यंत्र) लावली तर व्हॅनेडियम नाहीच. कस्टमरची 32,000 ची डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, आली, लॅबचे 4,500 वेगळे. माल उतरवताना हीच गन 600 रुपयांत लावून मिळाली असती.

इम्प्लांटसाठी ग्रेड 23 (ग्रेड 5 चाच जास्त शुद्ध प्रकार) घेणाऱ्यांनो, तुमचा फरक ऑक्सिजनचाच आहे, 0.13 पर्यंत. हातातली गन ऑक्सिजन पाहूच शकत नाही. लॅबला पाठवा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "टायटॅनियम म्हणजे स्टीलच ना?" दुसरं वाक्य, "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." खोटा टीसी समोर ठेवला, लॅबचा रिपोर्ट ठेवला, तरी दिवाणी! मग म्हणे व्यापारी मुंबईचा, तिकडे जा. तिकडे गेलो तर पैसे पुण्यातून गेले, पुण्यात द्या. झिरो एफआयआरचं (हद्द नसली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती) नाव काढलं तर साहेब जेवायला गेले. तीन चकरा, हातात एक पोच. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगात धंद्यासाठीची खरेदी सहसा बसत नाही, असं वकिलांनी सांगितलं. लघुउद्योगांसाठीचं समाधान पोर्टल विकणाऱ्याची थकबाकी वसूल करायला आहे, आमच्यासारख्या घेणाऱ्याला तिथे दारच नाही. मग आम्ही जायचं कुठे? वर त्या माणसाने रिटर्न भरलं नाही, म्हणून माझं 22,338 चं क्रेडिटही दिसत नाही. कर मी भरला, खाल्ला त्याने, आणि विभाग म्हणतो सप्लायरशी बोला. त्याचा फोन बंद आहे.

पूर्ण पैसे आधी देऊ नका. बारवर हीट नंबर (धातूच्या त्या ओतीचा नंबर) पंच केलेला हवा; माझ्या बारवर मार्करने लिहिला होता, कूलंटने दुसऱ्या दिवशी पुसला गेला.

उरलेल्या दोन बारांवर मी लाल रंगाने मोठ्या अक्षरांत ग्रेड 2 लिहून ठेवलंय. विकेन तर त्याच नावाने, त्याच भावाने.