बर्लिनचा बिब आणि माझे ३,७३,६५० रुपये

मी व्यवसायाने लेखापरीक्षक आहे. बावीस वर्षे इतरांच्या व्हाउचरांवर लाल पेन्सिलीने खुणा करणारा माणूस बर्लिन मॅरेथॉनच्या बिबसाठी, म्हणजे धावणाऱ्याने छातीवर लावायच्या क्रमांकासाठी, नोंदणीच्या एका बनावट पीडीएफला फसला, ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये असेच मला वाटत होते. परंतु ज्या गृहस्थाने मला गंडवले तो आता टोकियो मॅरेथॉनच्या ‘हमखास’ जागा विकत असल्याचे कळले, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहीत आहे.

मुंबई मॅरेथॉन पाच वेळा पूर्ण केल्यावर एकदा तरी परदेशात धावण्याचा अनुभव घ्यावा, एवढीच माझी इच्छा होती. सपाट मार्ग, ब्रँडेनबुर्ग दरवाजातून जाणारा शेवटचा टप्पा आणि त्यात २०२४ ची ती पन्नासावी बर्लिन मॅरेथॉन. तिथे धावायला मिळावे म्हणून सोडतीत नाव द्यावे लागते; माझे नाव लागले नाही. हा सारा धंदा सोडतीत नाव न लागलेल्या माणसाच्या हळहळीवरच चालतो, हे धावणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

मी अगदीच डोळे मिटून पैसे दिले असे कोणी समजू नये. अधिकृत सहल कंपन्यांना आयोजकांकडून राखीव जागा मिळतात, ही गोष्ट खरी आहे. आमच्या सरावगटातील दोघे २०२२ मध्ये याच गृहस्थामार्फत बर्लिनला धावून आले होते आणि त्यांची पदके मी हातात घेऊन पाहिली होती. आयोजकांच्या यादीत याचे नाव नव्हते, तेव्हा ‘यादीतल्या कंपनीचे आम्ही उपप्रतिनिधी आहोत’ हे त्याचे उत्तर मला पटले. त्या कंपनीला एक ईमेल टाकला असता तर दोन दिवसांत खरे कळले असते. फसल्यावर टाकला, तेव्हा दोन दिवसांतच उत्तर आले.

१२ डिसेंबर २०२३ रोजी २५,००० रुपये, २० जानेवारीला १,१०,००० रुपये, १५ मार्चला १,००,००० रुपये आणि त्याच दिवशी पाच टक्के टीसीएस (परदेशी सहल विकणाऱ्याने ग्राहकाकडून वसूल करून सरकारजमा करायचा कर) म्हणून ११,७५० रुपये मी दिले. शेवटच्या दोन रकमा त्याच्या संस्थेच्या चालू खात्यात न जाता कोणा बाईंच्या बचत खात्यात गेल्या. व्यक्तीच्या बचत खात्यात सहलीचे पैसे कधीही भरू नका.

मात्र मला रात्री झोपू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. फेब्रुवारीत त्याने नोंदणीसाठी माहिती मागवली: पासपोर्टची प्रत, जन्मतारीख, टी-शर्टचे माप. टी-शर्टचे माप तर त्याने दोनदा विचारले. माझे टायमिंग एकदाही विचारले नाही. बर्लिनला कोणत्या गटातून सुटायचे हे आधीच्या वेळेवरून ठरते, हे मला तोंडपाठ होते, आणि पहाटेच्या सरावात माझी ४ तास ३७ मिनिटे मी न विचारताही दहा जणांना ऐकवत असे. हा माणूस माझी कोठेही नोंदणी करत नाही, हे त्या एका न विचारलेल्या प्रश्नात स्वच्छ दिसत होते. मला वाटले, नंतर विचारील. जुलैत आयकर विवरणपत्र भरताना, आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये टीसीएसचा एक रुपयाही दिसला नाही, तेव्हा ‘सुधारित विवरण भरतो आहोत’ या उत्तरावर मी गप्प बसलो. अशिलाने हे उत्तर दिले असते तर मी त्याला खुर्चीवर बसू दिले नसते.

२६ सप्टेंबरला बर्लिनला पोहोचलो, तर हॉटेलची नोंदणी व्हिसा मिळाल्यानंतर रद्द झालेली. दुसऱ्या दिवशी टेंपेलहोफच्या जुन्या विमानतळावर, जिथे बिब वाटतात, तिथल्या मुलीने माझ्या पीडीएफवरचा क्यूआर कोड तीनदा तपासला, पासपोर्टवरचे नाव शोधले आणि अतिशय सौम्यपणे सांगितले की अशी नोंदच नाही. या महाशयांचा फोन दोनदा वाजला आणि बंद झाला. संध्याकाळी एका अनोळखी क्रमांकावरून ३०० युरोत दुसऱ्याचा बिब देऊ करण्यात आला. मोह झाला, हे कबूल करतो. परंतु बिब हस्तांतरित होत नाही आणि ओळखपत्र पाहूनच मनगटावर पट्टी बांधतात; तेवढी अक्कल मला तोपर्यंत आली होती. रविवारी मी पदपथावर उभा राहून इतरांना धावताना पाहिले. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

विमानाचे ६८,४०० रुपये, व्हिसा व विम्याचे १२,३००, हॉटेलचे पुन्हा भरलेले ४६,२०० रुपये धरून एकूण ३,७३,६५० रुपये गेले.

परत आल्यावर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती स्थानिक पोलीस ठाण्याकडे वर्ग झाली. तेथील अधिकाऱ्यांनी आधी ‘काका, पळायला जर्मनी कशाला हवी, सारसबाग काय वाईट आहे?’ असे विचारले, मग हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगितले. मी हट्ट धरला, तेव्हा पैसे दिले त्या वेळी जुना कायदा (भारतीय दंड संहिता) होता आणि फसवणूक उघड झाली तेव्हा १ जुलै २०२४ पासूनचा नवा कायदा (भारतीय न्याय संहिता) लागू होता, म्हणून फसवणुकीचे जुने कलम ४२० लावायचे की नवे ३१८, या चर्चेत माझे दोन हेलपाटे गेले. तिसऱ्या वेळी ते साहेब बंदोबस्तावर होते, चौथ्या वेळी त्यांची बदली झाली होती, आणि नव्या साहेबांनी सर्व कागद पहिल्यापासून मागितले. बँकेने तर ओटीपी तुम्हीच टाकला होता, एवढ्या एका वाक्यावर फाइल बंद केली. ज्यांच्या बचत खात्यात पैसे गेले त्या बाईंचे केवायसी कागद बँकेकडे आहेत. पोलीस मागतील तर देऊ असे बँक म्हणते, आणि पोलीस म्हणतात की आधी गुन्हा नोंदला पाहिजे. आठ महिन्यांत मी अकरा वेळा त्या बाकावर बसलो आहे. माझ्याबरोबर फसलेल्या तिघांपैकी दोघांनी ‘नाव खराब होते’ म्हणून तक्रारच केली नाही, याचाही राग येतो.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून तेथे अर्ज केला. नोटीस ‘पत्त्यावर इसम आढळला नाही’ या शेऱ्यासह परत आली. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर मोफत तपासता येतो. मी तो तेव्हा तपासला आणि नोंदणी आधीच रद्द झालेली आढळली. तुम्ही पहिला हप्ता देण्यापूर्वी तपासा. नोंदणी झाली असे कोणी म्हणाले, तर आयोजकांना स्वतः लिहून आपले नाव विचारा, आणि कोणी पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

निघताना मुंबई विमानतळावरून ‘सगळ्यांचा हसरा फोटो पाठवा’ असा त्याचा आग्रह होता आणि आम्ही चौघांनी तो पाठवला होता. टोकियोच्या जाहिरातीत ‘बर्लिन २०२४ ची आमची तुकडी’ म्हणून तोच फोटो छापला आहे. डावीकडून दुसरा, निळ्या टोपीतला मी.