मुठींची नोकरी : ‘बॉय ऑन आइस’

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये 277 सामने, 3 गोल आणि पंचांनी ठोठावलेली 589 मिनिटे बाहेर बसण्याची शिक्षा, एवढीच डेरेक बूगार्डची आकडेवारी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोलच्या दरम्यान तर जवळजवळ पाच वर्षे गेली. हॉकी म्हटल्यावर ज्याला धनराज पिल्ले आठवतो अशा माझ्यासारख्या वाचकाला, एवढ्या तुटपुंज्या कमाईच्या खेळाडूवर कुणी जाडजूड चरित्र लिहावे, हे आधी चमत्कारिकच वाटले. जॉन ब्रँच या अमेरिकन पत्रकाराचे ‘बॉय ऑन आइस’ हे पुस्तक 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी 2011 च्या डिसेंबरात त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बूगार्डवर तीन भागांची लेखमाला लिहिली होती आणि पुस्तक तिच्यातूनच वाढले आहे.

बूगार्ड हा ‘एन्फोर्सर’ होता. आइस हॉकीच्या संघात गोल करणारे चपळ खेळाडू असतात आणि त्यांच्या अंगावर कुणी धावून गेले तर त्याचा हिशेब चुकता करणारा एक पाठीराखाही असे. सामन्यात त्याला जेमतेम चार-पाच मिनिटे बर्फावर मिळत. समोरच्या संघातही असाच एक असे, आणि बहुतेक वेळा हे दोघेच हातमोजे फेकून एकमेकांना भिडत. हाणामारी नियमाविरुद्ध आहे हे खरे, पण तिची किंमतही नियमातच लिहिलेली आहे : पाच मिनिटे बाहेर बसायचे. दोघे जमिनीवर येईपर्यंत किंवा दमेपर्यंत लाइन्समन, म्हणजे साहाय्यक पंच, सहसा मध्ये पडत नाहीत. ही व्यवस्था ब्रँच इतक्या शांतपणे उलगडून दाखवतात की तिच्यातला विचित्रपणा वाचकाला आपोआप जाणवू लागतो.

पुस्तकाचा सर्वांत सरस भाग बालपणाचा आहे. डेरेकचा जन्म 1982 सालचा, कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातला. वडील लेन हे पोलिसांत असल्यामुळे दर काही वर्षांनी नवे गाव आणि नवी शाळा ठरलेली, आणि प्रत्येक शाळेत हा मुलगा वर्गातल्या इतरांपेक्षा हातभर उंच. बदलीच्या नोकरीतल्या घरात वाढलेल्या कुणालाही ही पाने परकी वाटणार नाहीत. उंचीमुळे भांडणाचा दोष त्याच्याकडे आधी जाई आणि स्केटिंगमध्ये तो इतरांच्या मागे पडे. मेलफोर्ट या छोट्या गावात पंधरा-सोळा वर्षांचा असताना एका सामन्यात तो संतापून थेट प्रतिस्पर्ध्यांच्या बाकावर घुसला आणि समोर येईल त्याला ठोसे मारत सुटला. बापाला लाज वाटावी असा तो प्रसंग. पण प्रेक्षकांत बसलेल्या रेजायना पॅट्स या कुमार संघाच्या निवडकर्त्यांनी त्याच दिवशी त्याचे नाव टिपून घेतले. मुलाला काय येते हे कुणी विचारलेच नाही, त्याच्याकडून काय करून घेता येईल हे मात्र ठरून गेले. मला हे सबंध पुस्तक त्या एका प्रसंगात दिसले.

पुढे 2001 मध्ये लीगमधल्या मिनेसोटा वाइल्ड संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला सातव्या फेरीत, एकूण 202 व्या क्रमांकावर घेतले आणि 2005 मध्ये तो मुख्य लीगमध्ये उतरला. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. 2006 च्या ऑक्टोबरात त्याच्या एका ठोशाने टॉड फेडोरूक या प्रतिस्पर्धी एन्फोर्सरच्या गालाचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेत धातूच्या पट्ट्या घालून तो चेहरा पुन्हा उभा करावा लागला. त्यानंतर बूगार्डशी भिडायला सहसा कुणी तयार होईना. तोच फेडोरूक पुढे मिनेसोटा संघात आला आणि दोघे मित्र झाले. या पेशाबद्दल यापेक्षा अधिक काही सांगायची गरज नाही असे मला वाटते.

ब्रँच यांची नजर ठोशापेक्षा ठोसा मारणाऱ्या हातावर अधिक काळ रेंगाळते. हेल्मेटवर आणि दातांवर आपटून बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोललेली, आधीची जखम भरण्याआधी पुढचा सामना आलेला, आणि उद्या कुणाशी गाठ आहे या विचाराने झोप उडालेली. पाठ, नाक, खांदा अशी दुखणी साचत गेली, त्यांच्यावर वेदनाशामक गोळ्या आल्या आणि गोळ्यांचे व्यसन जडले. डॉक्टर अनेक होते आणि चिठ्ठ्याही अनेक होत्या. 2010 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्स संघाने त्याच्याशी चार वर्षांसाठी 65 लाख डॉलरचा करार केला, तेव्हा तो आतून पोखरला गेला होता. त्याच वर्षी 9 डिसेंबरला मॅट कार्कनर या प्रतिस्पर्ध्याशी झालेली लढत शेवटची ठरली. मेंदूला धक्का बसल्यामुळे पुढचे कित्येक आठवडे त्याने मॅनहॅटनच्या घरात अंधार करून, उजेड सोसवत नाही म्हणून काळा चष्मा लावून काढले. 13 मे 2011 रोजी मिनियापोलिसमध्ये दारू आणि ऑक्सिकोडोन हे वेदनाशामक यांच्या मिश्रणाने, वयाच्या 28 व्या वर्षी तो गेला. बोस्टनमधील संशोधकांना त्याच्या मेंदूत सीटीई हा वारंवार डोक्याला मार बसून होणारा विकार आढळला, आणि तोही 45 व्या वर्षी वारलेल्या बॉब प्रोबर्ट या नामांकित एन्फोर्सरपेक्षा पुढे गेलेला. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलॅक हे त्याच पठडीतले दोघेही गेले.

पुस्तकात उणिवा आहेत. मधल्या प्रकरणांत हंगामामागून हंगाम आणि लढतीमागून लढत येत राहते, आणि तिथे मी पाने भराभर उलटली हे कबूल केले पाहिजे. वडिलांची बाजू फार भरीव आहे; मुलाच्या मृत्यूनंतर पोलिसी सवयीने कागद, चिठ्ठ्या आणि फोनच्या नोंदी जमवत बसलेला लेन विसरता येत नाही. आई जोॲन मात्र त्या मानाने कडेला राहिली आहे. ब्रँच कुणालाही खलनायक ठरवत नाहीत, हा संयम बहुतेक ठिकाणी शोभतो. पण गोळ्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या जात असताना संघात कुणाला काय ठाऊक होते, या प्रश्नावर त्यांनी अधिक कठोर व्हायला हवे होते. आइस हॉकी अजिबात ठाऊक नसलेल्या वाचकाने आधी एखादा सामना पाहून घ्यावा, एवढेच सुचवीन. इंग्रजी सोपे आहे आणि शब्दकोश क्वचितच लागतो.

वाचून झाल्यावर मी कार्कनरबरोबरच्या त्या लढतीची चित्रफीत शोधून पाहिली. ती एका मिनिटाचीही नाही. पहिल्यांदा मी ठोसे पाहिले, दुसऱ्यांदा मात्र लक्ष गेले ते बाजूला थांबलेल्या लाइन्समनकडे, दोघांपैकी कोण आधी खाली येतो याची वाट पाहणाऱ्या.