दारव्ह्याचं ‘नाही’ म्हणणारं पार्लर

आधी वॅक्स-धाग्याचे रेट सांगते, कारण सगळ्या जणी तेच आधी विचारतात. पूर्ण हात 150, अर्धे पाय 200, आयब्रो 40, अपरलिप 20. दारव्ह्याला शकुंतला रेल्वेच्या जुन्या स्टेशनकडे जाताना डाव्या हाताला एक खोली आहे, बाहेर हिरवा पडदा. शकुंतला बंद पडून वर्षं झाली, पण पत्ता सांगताना लोक अजून स्टेशनच सांगतात.

मी अंगणवाडी सेविका. गाव नऊ किलोमीटरवर, येणं-जाणं स्कूटीवर, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंत एक रंग आणि ब्लाउजच्या बाहीखाली दुसरा. मागच्या वर्षी दिराच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुसऱ्या एका ठिकाणी अपरलिपला वॅक्स केलं होतं. पट्टी ओढली तर केसांसोबत वरची चामडीच आली. मिशी काढायला गेले आणि मिशीएवढा लाल पट्टा घेऊन आले. लग्नाच्या सगळ्या फोटोत माझ्या तोंडावर पदर आहे. पुढे तो पट्टा काळा पडला तो दिवाळीपर्यंत गेला नाही. वॅक्स जास्त तापलं असेल, असंच मी इतके दिवस समजत होते.

या हिरव्या पडद्याच्या पार्लरवाल्या ताईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी खुर्चीत बसवलं, गालावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “तोंडाले कोणती ट्यूब लावता काय?”

लावतेच ना. आमच्याकडे कोण नाही लावत? जाऊबाईंनी मेडिकलमधून आणून दिली होती, गोरं व्हायची. ताईंनी मला घरी फोन करून ट्यूबचा फोटो मागवायला लावला आणि मोबाइलवर मोठा करून बारीक अक्षरं वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. मग म्हणाल्या, “हे स्टेरॉइड हाय बाई. यानं चामडी पातळ होते. आन् हे मधलं हाय ना, यानं वरचा थर सुटतो. याच्यावर वॅक्स लावलं का चामडी निघणारच. मी नाई करत.”

धागाही नको म्हणाल्या. मला राग आला, खोटं कशाला सांगू. नऊ किलोमीटर उन्हात गेलेली बाई, आणि ही वीस रुपयाचं काम करायला तयार नाही! “ट्यूब एकदम सोडू नका, चेहरा पेटते. यवतमाळले मेडिकल कॉलेजले चामडीच्या डॉक्टरले दाखवा,” एवढं सांगून त्यांनी फक्त हात केले. डॉक्टरांनी तेच सांगितलं, ट्यूब हळूहळू कमी करत बंद करायला लावली. असल्या स्टेरॉइडच्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत असा 2018 पासूनचा नियम आहे, हेही तिथंच कळलं. जाऊबाईंना सांगितलं, त्या काही ऐकत नाहीत.

आता हातांचं. केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढलेले नसतील तर त्या परत पाठवतात. त्याहून आखूड केस वॅक्समध्ये धरल्या जात नाहीत, अर्ध्यात तुटतात. आदल्या रात्री साध्या साबणानं हात धुऊन, मऊ कापडानं चोळून या, सकाळी तेल-क्रीम काही लावू नका, हे फोनवरच सांगतात. उन्हानं हात लाल झालेला असेल तर त्या दिवशी काम नाही. वॅक्स आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहतात, एकदा अंगाला लागलेली काडी परत डब्यात बुडवत नाहीत. पावडर टाकून पट्टी ओढतात आणि लगेच तिथं तळहात दाबून धरतात. त्या दाबण्यानं आग निम्मी होते.

नंतरचं पथ्य खरं कठीण, कारण आपलं जगणंच तसं नाही. एक दिवस गरम पाण्यानं आंघोळ नाही, सेंट नाही, चुलीपुढं बसणं नाही, सैल सुती बाह्या. कोरफड लावा म्हणतात, पण तोडली की लगेच नाही: पान उभं ठेवून त्यातला पिवळा चीक गळू द्यायचा, धुवायचं, मग आतला गर लावायचा. मी आजवर चिकासकट लावत होते आणि खाज सुटली की वॅक्सला नाव ठेवत होते. तीन दिवसांनी हलक्या हातानं चोळायला सुरुवात करायची, नाहीतर केस चामडीच्या आतच वळतात आणि पुटकुळ्या येतात.

नवरीला त्या हळदीच्या आदल्या दिवशी घेतच नाहीत, दोन-तीन दिवस आधी बोलावतात. ताज्या वॅक्सवर पाच सवाष्णींनी हळद रगडली की काय होतं ते मी शेजारच्या पोरीच्या लग्नात पाहिलंय. आणि वॅक्सनंतर दोन दिवस पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वावरात, जायचं नाही, फवारणी चालू असेल तर बांधावरही नाही. सोललेल्या चामडीतून औषध लवकर आत जातं. 2017 सालच्या फवारणीत विषबाधेनं माणसं गेली ती आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातली, त्यामुळे हे मला दोनदा सांगावं लागलं नाही.

तक्रारी आहेत. खुर्ची एकच. रविवारी दीड-दोन तास बसावं लागतं. लाइन गेली की हीटर बंद, मग वॅक्स गॅसवर तापवतात, पंखा नाही, घामावर पट्टी नीट बसत नाही आणि तीच जागा दुसऱ्यांदा ओढावी लागते. काम चालू असताना फोन खांद्यात धरून बोलतात, हे मला अजिबात आवडत नाही. आणि निघताना त्यांच्या बहिणीचा घरगुती साबण घ्याच म्हणून मागे लागतात. मी एकदा घेतला. वासाचा आहे, वॅक्सनंतर तर नकोच. म्हणून पाचपैकी चार.

पुतणी नागपूरला लेझर करून घेते, त्याचे नियम उलटे. तिथं महिना-दीड महिना आधीपासून वॅक्स आणि धागा बंद, फक्त वस्तरा चालतो. लेझर केसाच्या मुळातला काळा रंग पकडतं. मूळच उपटलं तर पकडणार काय? सासूबाईंच्या हनुवटीवरचे पांढरे केस म्हणूनच त्यात बसत नाहीत. त्या इथंच येतात, धाग्यासाठी.

दिवाळीनंतर माझं अपरलिप त्यांनी धाग्यानं केलं. वीस रुपये घेतले, डाग पडला नाही.

जाणार असाल तर बुधवार-गुरुवार दुपारी जा, आणि तोंडाला जे लावता त्या ट्यूबचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, नाहीतर माझ्यासारखं घरी फोन करत बसाल.